रेस्टन यांचे फुगलेले पोट आणि तीन सुया : शस्त्रक्रियेनंतरच्या पोटफुगीवर ॲक्युपंक्चर, एक प्रकरण अभ्यास

ॲक्युपंक्चरचा विषय निघाला की एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो : १९७१ साली चीनमध्ये एका अमेरिकन पत्रकाराचे अपेंडिक्स भूल न देता, नुसत्या सुया टोचून काढले. पत्रकार खरा, अपेंडिक्स खरे, सुयाही खऱ्या. पण अपेंडिक्स काढताना सुयांचा काही संबंध नव्हता. भूल नेहमीच्या औषधाची होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगले म्हणून. ज्या प्रकरणामुळे ॲक्युपंक्चर अमेरिकेत घरोघरी पोचले, ते मुळात आतड्यांचे प्रकरण आहे. त्या बाजूने ते क्वचितच वाचले जाते.

घटनाक्रम

रुग्ण जेम्स रेस्टन, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ स्तंभलेखक, वय ६१. १६ जुलै १९७१ च्या सकाळी बीजिंगमध्ये त्यांना सांगण्यात आले की अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर ९ ते ११ जुलै या काळात गुपचूप येऊन गेले आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला येणार आहेत. एवढी मोठी बातमी हातची गेल्याचे कळले त्याच वेळी जांघेत पहिली कळ उठली, असे रेस्टन यांनी लिहिले आणि आपल्या दुखण्याचे खापर गमतीने किसिंजर यांच्यावर फोडले. संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी त्यांना ‘साम्राज्यवादविरोधी रुग्णालया’त हलवले. सांस्कृतिक क्रांतीतले हे नाव. मुळात हे पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, रॉकफेलर फाउंडेशनच्या, म्हणजे अमेरिकी पैशातून उभे राहिलेले.

पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बीजिंगमधल्या ११ नामवंत तज्ज्ञांना या रुग्णाकडे लक्ष द्यायला सांगितले होते. शस्त्रक्रिया वू वेइरान या शल्यविशारदांनी केली. झायलोकेनसारख्या औषधाचे इंजेक्शन देऊन धडाचा मधला भाग बधिर केला, अपेंडिक्स काढले. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली नाही.

त्रास सुरू झाला तो शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री. पोट तटतटले, दुखू लागले. तेव्हा रुग्णाची संमती घेऊन ली चांगयुआन या ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांनी तीन लांब, बारीक सुया टोचल्या : एक उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला आणि दोन गुडघ्यांखाली. सुया नुसत्या टोचून ठेवल्या नाहीत, फिरवल्याही. हातापायांतून वेदनेच्या लाटा गेल्या आणि निदान पोटावरचे लक्ष तरी उडाले, असे रेस्टन यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे. त्याच दरम्यान ‘आय’ नावाच्या वनस्पतीच्या दोन पेटत्या कांड्या पोटाजवळ धरून शेक दिला आणि अधूनमधून सुया पुन्हा फिरवल्या. सगळे मिळून साधारण २० मिनिटे. तासाभरात पोटाचा ताण बराच उतरला आणि तो त्रास परत झाला नाही.

रेस्टन यांचा वृत्तांत २६ जुलैला छापून आला. सुयांनी भूल देऊन शस्त्रक्रिया केल्याचे चीनने त्याच उन्हाळ्यात जाहीर केले होते. लोकांच्या डोक्यात दोन बातम्यांची एक झाली आणि ती एकत्र झालेली गोष्टच टिकली. आपल्याकडेही अशी गल्लत आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले ते शल्यचिकित्सक म्हणून. ॲक्युपंक्चर तिथे शिकून कोलकात्यात सुरू केले ते त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. तरी या उपचाराशी नाव जोडले जाते ते कोटणिसांचे.

पोट का फुगले

पोट उघडले, आतड्याला हात लागला की आतडी काही काळ संप करतात. शस्त्रक्रियेच्या जागी दाह सुरू होतो, सहानुभूती (सिंपथेटिक) मज्जासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सावध करणारी यंत्रणा, आतड्यांना आवर घालते आणि वेदनाशामक म्हणून मॉर्फिन किंवा पेथिडिनच्या जातीचे औषध दिले असेल तर हालचाल आणखी मंदावते. गिळलेली हवा आणि आतड्यात तयार होणारा वायू पुढे सरकत नाही. पोटात गुबारा धरतो. सर्जन राउंडला येऊन आधी ‘गॅस पास झाला का?’ हे विचारतात ते यासाठीच. वायू सरला म्हणजे मोठे आतडे जागे झाले.

जागे होण्याचा क्रम ठरलेला आहे. लहान आतडे काही तासांत, फार तर दिवसभरात चालू होते. जठराला एक ते दोन दिवस लागतात. मोठे आतडे सर्वांत मागे, ४८ ते ७२ तास. या प्रकरणातली कळीची गोष्ट इथे आहे. दुसऱ्या रात्री लहान आतडे वायू पुढे ढकलत असते आणि मोठे आतडे अजून पुरते उघडलेले नसते. तटतटणे शिगेला पोचते ते साधारण याच वेळी. आणि त्यानंतर काहीही केले नाही तरी बहुतेकांचा त्रास ओसरू लागतो.

त्याच जागा का

रेस्टन यांच्या वृत्तांतात बिंदूंची नावे नाहीत. पण कोपराची बाहेरची बाजू आणि गुडघ्याखालचा भाग एवढे वर्णन ॲक्युपंक्चर करणाऱ्या कोणालाही पुरते. कोपरावरचा बहुधा ‘छूछ’, मोठ्या आतड्याच्या वाहिनीवरचा, म्हणजे चिनी वैद्यकाने शरीरावर कल्पिलेल्या त्या इंद्रियाच्या रेषेवरचा, ११ वा बिंदू. गुडघ्याखालचा जवळजवळ नक्की ‘त्सूसानली’, जठराच्या वाहिनीवरचा ३६ वा. आपल्याकडचे ॲक्युपंक्चरिस्ट त्याला ‘एसटी छत्तीस’ म्हणतात आणि पोटाच्या बहुतेक तक्रारींना आधी तिथेच हात घालतात.

चिनी वैद्यकाचा हिशोब असा : जठर, आतडी ही पोकळ इंद्रिये, त्यांचे काम वाट मोकळी ठेवण्याचे. शस्त्रक्रियेने ‘छी’ची, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या प्राणशक्तीची, गती अडते, वरचे खाली उतरत नाही, म्हणून पोट फुगते. प्रत्येक पोकळ इंद्रियासाठी पायावर एक बिंदू नेमलेला आहे. जठरासाठी त्सूसानली, मोठ्या आतड्यासाठी त्याच्या खाली ३ त्सुनांवर ‘शांगज्यूशू’, लहान आतड्यासाठी आणखी ३ त्सुन खाली ‘श्याज्यूशू’. तिन्ही नडगीच्या बाहेरच्या कडेने एका रेषेत येतात.

त्सुन हे माप प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या शरीराचे असते, पट्टीवरचे नाही. त्याच्या अंगठ्याच्या पेरापाशी जी रुंदी ती १ त्सुन. तर्जनी ते करंगळी अशी चार बोटे जोडल्यावर मधल्या सांध्यांपाशी भरणारी रुंदी ३ त्सुन. त्सूसानली शोधायचा तर गुडघा वाकवावा, वाटीच्या खाली बाहेरच्या अंगाला जो खळगा पडतो त्याच्यापासून चार बोटे खाली यावे आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर सरकावे. पाऊल वर ओढायला सांगितले की तिथला स्नायू फुगतो. बिंदू त्या फुगवट्यात असतो. नेहमीची चूक म्हणजे स्वतःची बोटे वापरणे. जाड बोटांच्या डॉक्टरने सडपातळ रुग्णाचा पाय मोजला की बिंदू खाली घसरतो. दुसरी चूक हाडाला अगदी चिकटून टोचण्याची : सुई हाडाच्या आवरणाला लागते, रुग्ण कळवळतो आणि हवी ती संवेदना येतच नाही.

आजची सुई साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची, ४० मिलिमीटर लांबीची, एकदा वापरून टाकून द्यायची. ती सरळ आत, १ ते १.५ त्सुन. मग दोन बोटांत धरून थोडी फिरवायची, थोडी वरखाली करायची. रुग्णाला जडपणा, ठणक किंवा पावलाकडे उतरणारी झिणझिणी जाणवली पाहिजे. याला चिनी वैद्य ‘द-छी’ म्हणतात. रेस्टन यांच्या वेदनेच्या लाटा म्हणजे बहुधा हीच, जरा दणक्यात दिलेली. विजेचा झटका बसल्यासारखी तीव्र कळ आली तर मात्र सुई नसेला लागली. ताबडतोब थोडी मागे घ्यायची. या जागी स्नायूखाली खोलवर पायाची नस आणि रक्तवाहिनी दोन्ही आहेत, म्हणून खोली वाढवून परिणाम वाढेल हा समज अंगाशी येतो. ली चांगयुआन यांनी रेस्टन यांना सांगितले होते की ते महाविद्यालयात नव्हे, उमेदवारी करून शिकले आणि सुया आधी स्वतःलाच हजारो वेळा टोचून पाहिल्या. हाताला खोली कळते ती अशा सरावाने.

पोटावरच सुया का टोचल्या नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. पोटाला ताजे टाके, वर ड्रेसिंग. तटतटलेल्या पोटात आतडे भिंतीला चिकटून असते आणि लांब सुई तिथे धोक्याची. शिवाय शरीरशास्त्रानेही पायाची निवड चुकीची ठरत नाही. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत मागच्या पायाला चिमटा बसला की जठराची हालचाल वाढलेली दिसली, पोटाच्या कातडीला बसला की कमी झाली. पहिला परिणाम मेंदूपासून पोटापर्यंत येणाऱ्या व्हेगस नसेतून होतो, दुसरा सहानुभूती मज्जासंस्थेतून. २०२१ मध्ये उंदरांवरच प्रसिद्ध झालेल्या कामात मागच्या पायावरच्या, त्सूसानलीशी जुळणाऱ्या जागी विद्युत-ॲक्युपंक्चर, म्हणजे सुयांतून सौम्य वीजप्रवाह, दिले असता व्हेगसमार्फत दाह कमी करणारी साखळी चालू झाली. पोटावरच्या जागी तीच मात्रा देऊन ती चालू झाली नाही. उंदराच्या पायावरून माणसाच्या आतड्याबद्दल बोलताना हात राखूनच बोलावे, पण ‘पायाचा आणि पोटाचा काय संबंध?’ एवढ्या प्रश्नाला उत्तर आहे.

कांडीचा शेक

‘आय’ म्हणजे आर्टेमिसिया कुळातली वनस्पती. जोतिबाला वाहतो तो दवणा याच कुळातला, जात वेगळी. आयची पाने वाळवून, कांडून, चाळून कापसासारखा भुगा करतात आणि कागदात गुंडाळून विडीच्या जाड कांडीसारखा वळतात. तिला मोक्सा म्हणतात. पेटते टोक कातडीपासून २ ते ३ सेंटिमीटरवर धरायचे, १० ते १५ मिनिटे, कातडी गुलाबी आणि उबदार होईपर्यंत. फोड येता कामा नये. दुसऱ्या हाताची दोन बोटे रुग्णाच्या कातडीवर ठेवली की उष्णता आपल्यालाच कळते; राख मात्र दर मिनिटाला झाडावी लागते, नाहीतर निखारा थेट पोटावर.

शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात हा शेक सुयांपेक्षा जास्त जोखमीचा आहे. टाक्यांभोवती स्पिरिट लावलेले असते, शेजारच्या खाटेला ऑक्सिजन चालू असतो, छताला धुराचा अलार्म असतो. पाठीतली भूल पुरती उतरली नसेल तर रुग्णाला भाजलेले कळत नाही. मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तरी तेच. रेस्टन यांची भूल दुसऱ्या रात्रीपर्यंत उतरून गेलेली असणार. आज कोणत्याही चांगल्या रुग्णालयात पेटती कांडी नेऊ देणार नाहीत, आणि तेच योग्य आहे.

सुयांमुळेच उतरले का?

या एका प्रकरणावरून सांगता येत नाही. आपल्यासमोर आहे तो पत्रकाराने लिहिलेला वृत्तांत, केसपेपर नव्हे. पोटाचा घेर मोजलेला नाही, स्टेथोस्कोपने आतड्यांचे आवाज ऐकल्याची वेळ नाही, वायू केव्हा सरला ते नाही, वेदनाशामक किती दिले ते नाही. सुया, शेक आणि वेळ, तिन्ही एकदमच कामाला लागले. त्यातली वेळ तर अशी की आतडी आपणहून उघडण्याच्या बेतात होती. रेस्टन यांनाही हे गॅस घालवण्याचे जरा खटाटोपाचे साधन वाटले होते, आणि त्यांनी चमत्काराचा दावा कुठेही केला नाही. दावा पुढे इतरांनी केला.

तुलना करून पाहणाऱ्या चाचण्या नंतर झाल्या. हाँगकाँगमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या १६५ रुग्णांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्युत-ॲक्युपंक्चर मिळालेल्या गटाला पहिल्यांदा शौचाला व्हायला सरासरी ८६ तास लागले, काहीच न मिळालेल्या गटाला १२२, आणि लटक्या ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा केलेल्या, गटाला सुमारे १०८. बारकाईने पाहा : लटक्या सुयांनीही १४ तास वाचले. खऱ्या सुयांचा स्वतःचा वाटा उरलेल्या २२ तासांचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राच्या चाचणीत मात्र मोठे आतडे काढल्यानंतर ॲक्युपंक्चरने काही फरक पडला नाही. म्हणजे परिणाम असेल तर काही तासांचा, आणि सगळीकडे दिसेलच असा नाही.

पचनाच्या इतर तक्रारींत चित्र एकसारखे नाही, आणि ‘पोटासाठी ॲक्युपंक्चर’ असे सरसकट बोलणे त्यामुळेच फसवे ठरते. जुनाट, तीव्र बद्धकोष्ठतेवर चीनमध्ये १,०७५ रुग्णांची चाचणी झाली (२०१६) : ८ आठवड्यांत २८ बैठकी. आठवड्याला सरासरी किमान तीनदा पोट पूर्ण साफ होण्यासारखे शौच होऊ लागले ते खऱ्या गटात ३१ टक्क्यांना, लटक्या गटात १२ टक्क्यांना. हा फरक दखल घेण्याजोगा आहे. दहातल्या सातांना तेवढा गुण आला नाही हेही तितकेच खरे. इरिटेबल बॉवेलवर, म्हणजे चिडखोर आतड्यांच्या तक्रारीवर, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात लटक्या सुयांपेक्षा फायदा दिसला नाही. भुलीनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा ‘नेइग्वान’ बिंदू बऱ्यापैकी टिकून आहे, आणि तिथे सुई न टोचता दाबूनही काम होते.

काढ्याचा भाग

रेस्टन यांना काढा दिल्याचे वृत्तांतात नाही. पण त्या काळात चीनमध्ये, विशेषतः त्यांजिनच्या नानकाई रुग्णालयात वू श्यानझोंग यांच्या पुढाकाराने, पोटाच्या तातडीच्या आजारांवर ‘दा छंग छी थांग’ हा जुना काढा आधुनिक उपचारांबरोबर वापरला जात होता. पाठ्यपुस्तकातले प्रमाण असे : दा-ह्वांग १२ ग्रॅम, होउ-पो २४, झ-शी १२, मांग-श्याव ९. होउ-पो ही मॅग्नोलियाची साल, झ-शी कडू संत्र्याची कोवळी फळे. ही दोन आधी उकळतात. दा-ह्वांग, म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या रेवाचिनीच्या कुळातले मूळ, शेवटी घालतात, कारण जास्त उकळले तर त्यातली रेचक द्रव्ये मोडतात आणि काढा नुसता कडू उरतो. मांग-श्याव हे सोडियम सल्फेट, ते गाळलेल्या गरम काढ्यात विरघळवायचे.

हे प्रमाण समजण्यासाठी दिले आहे, घरी करून पाहण्यासाठी नाही. दा-ह्वांगमधली रेचक द्रव्ये सोनामुखीतल्यांची सख्खी भावंडे आहेत. ती आतड्याला जबरदस्तीने ढकलतात. अडथळा खरोखरचा असेल, म्हणजे आतड्याला पीळ किंवा चिकटलेला पट्टा, तर असा धक्का आतडे फाडू शकतो. जुलाबांतून पोटॅशियम जाते, आणि पोटॅशियम कमी झाले की आतडी अधिकच सुस्तावतात : ज्या रोगासाठी काढा दिला तोच वाढतो. गरोदरपणात हा काढा वर्ज्य.

आज असा रुग्ण समोर असेल तर

सुईचे पाकीट फोडण्याआधी हे फक्त रुसलेले आतडे आहे का, एवढे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे काम सर्जनचे. ताप परत चढला, नाडी १०० च्या वर राहिली, पोट दाबल्यावर फळीसारखे कडक लागले, हिरवी उलटी झाली, किंवा एकदा वायू सरून नंतर पुन्हा पोट तटतटले तर ती साधी पोटफुगी नसून आत पू, गळती किंवा अडथळा असू शकतो. अशा वेळी सुयांनी दुखणे तासभर कमी झाले तर उलट नुकसान, कारण तो तास वाया जातो. रक्तातले पोटॅशियम ३.५ च्या खाली आहे का, वेदनाशामकात अफूच्या जातीचे काय चालू आहे, हे केसपेपरवर पाहून घ्यायचे. ते दुरुस्त न करता सुया टोचणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

हे सगळे ठीक असेल, रुग्ण चालायला लागला असेल आणि सर्जनची हरकत नसेल तर दोन्ही पायांचे त्सूसानली आणि शांगज्यूशू, २० ते ३० मिनिटे, दिवसातून एकदा, एवढे पुरे. रक्त पातळ करणारे इंजेक्शन चालू असेल तर सुई काढल्यावर दोन मिनिटे दाबून धरावे. पायावर सूज, जखम किंवा शिरेत गाठ असल्याचा संशय असेल तर त्या पायाला हात लावू नये. सुया टोचताना रुग्ण आडवाच हवा, शस्त्रक्रियेनंतर उपाशी असलेला माणूस बसल्या जागी भोवळ येऊन पडतो. टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजाव्यात. पांघरुणात राहिलेली सुई नंतर परिचारिकेच्या बोटात सापडते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला संकोच करू नये.

आणि वेळेची नोंद ठेवावी : टोचण्याआधी बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर किती, वेदना दहापैकी किती, वायू शेवटचा केव्हा सरला, नंतर एका तासाने तेच, चार तासांनी तेच. दोन दिवस रोज एक बैठक होऊनही वायू सरला नसेल तर तिसरी बैठक न करता पोटाचा एक्स-रे किंवा सीटी काढायला सांगावे.